घाण्याचे फोटो

आमच्या कराडच्या स्टुडिओत फोटो दादा काढतो आणि एडिटिंग मी करते. आबांच्या वेळी ही दोन्ही कामं त्यांच्याकडेच होती. यशिका कॅमेऱ्यात एकशेवीसचा रोल भरला की बारा फोटो मिळायचे. लग्नाला मोजके रोल न्यायचे आणि रात्री डार्करूममध्ये उभं राहून ते धुवायचे. आज घाणा, हळद, लग्न आणि वरात असं दोन दिवसांचं काम असेल तर दादाच्या कार्डांमधून चार हजारांच्या आसपास फोटो उतरतात. त्यातले सहाशे-सातशे पार्टीला द्यायचे आणि दीडशे-दोनशे अल्बमच्या शीटवर चढवायचे. चार हजारांवरून दोनशेवर येणं हेच माझं खरं काम आहे. रंग सुधारणं, उजेड वाढवणं हे त्यानंतरचं. कोण अल्बममध्ये राहणार आणि कोण बाहेर जाणार ते या निवडीत ठरतं, आणि ते घर पुढे कित्येक वर्षं तो अल्बम काढून बघणार असतं. म्हणून कॉम्प्युटर बदलल्यावर माझ्या कामात नेमकं काय बदललं ते सांगावंसं वाटतं. वेळ वाचला हे तर आहेच, पण मला सांगायचंय ते त्याच्या पुढचं आहे.

जुना कॉम्प्युटर २०१५ साली जोडून घेतलेला. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. तेव्हा दादाचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा होता आणि लग्नाचे बरेच फोटो आम्ही जेपेगमध्येच काढायचो, त्यामुळे त्या मशीनने चांगलं काम दिलं. मधे हार्ड डिस्क कुरकुरायला लागली म्हणून विंडोज आणि सगळे प्रोग्रॅम एका साटा एसएसडीवर घेतले. तेवढ्याने मशीन सुरू व्हायला लागणारा वेळ एकदम कमी झाला आणि फोटो एडिटिंगचं लाइटरूमही पटकन उघडायला लागलं. पण फोटो उघडल्यावर स्लायडर सरकवला की चित्र हलायला पूर्वीइतकाच वेळ घ्यायचं, कारण तिथे डिस्कचं काम नसतं, प्रोसेसरचं असतं.

मग दादाने सोनीचा ए-सेव्हन फोर घेतला. ३३ मेगापिक्सेल, आणि सगळं काम रॉमध्ये. कॉम्प्रेस केलेली एक रॉ फाइलसुद्धा ३५ एमबीच्या आसपास जाते. चार हजार फोटो म्हणजे १४० जीबी. पण फाइलचा आकार ही त्यातली लहान अडचण. रॉ फाइलमध्ये तयार चित्र नसतंच. सेन्सरवरच्या प्रत्येक बिंदूपुढे लाल, हिरवा किंवा निळा यातला एकच फिल्टर असतो, म्हणजे प्रत्येक ठिकाणी एकाच रंगाची नोंद होते. उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून हिशेबाने काढावे लागतात. तीन कोटी तीस लाख बिंदूंचा हा हिशेब कॉम्प्युटरने करायचा, तेव्हा नवरीचा चेहरा पडद्यावर येतो. शिवाय लाइटरूम मूळ फाइलला हात लावत नाही. आपण काय काय बदल केले त्याची यादी ते ठेवतं आणि दर वेळी ती यादी नव्याने लागू करून चित्र दाखवतं. उजेड, रंग, मग चेहऱ्यासाठी एक मास्क, शालूसाठी दुसरा, मागच्या मंडपासाठी तिसरा, असं करत गेलं की यादी लांबते आणि मशीन तसतसं जड होत जातं. बाहेरच्या माणसाला वाटतं एवढासा फोटो उघडायला काय लागतंय. त्याला इतकं सगळं लागतं.

अल्बमच्या शीटचा हिशेब आणखी वेगळा. आमच्याकडे बारा बाय छत्तीसचं शीट चालतं. छपाईसाठी इंचाला ३०० बिंदू धरले तर ३६०० गुणिले १०८००, म्हणजे जवळजवळ तीन कोटी नव्वद लाख बिंदू. फोटोशॉपमध्ये असा एक थर शंभर एमबीच्या वर जातो. त्यावर दहा-बारा फोटो, त्यांच्या कडा विरघळवणारे मास्क, मागची नक्षी, नावं. रॅम ८ जीबी, त्यातली बरीचशी विंडोजने आणि मागे उघड्या असलेल्या लाइटरूमने घेतलेली. मग फोटोशॉप जागा पुरेना म्हणून डिस्कवर लिहायला लागतं आणि एक फोटो दोन बोटं डावीकडे सरकवायचा तर तो सरकून तिथे पोचेपर्यंत हात माउसवर तसाच धरून बसावं लागतं.

यावर आम्ही काही कमी उपाय केले नव्हते. रात्री झोपताना सगळ्या फोटोंचे प्रिव्ह्यू बनवायला लावायचे, म्हणजे सकाळी निवड करताना लाइटरूमला नव्याने हिशेब करावा लागत नाही. रंग सुधारताना मूळ फाइलऐवजी स्मार्ट प्रिव्ह्यूवर काम करायचं. तो लांब बाजूने २५६० बिंदूंचाच असतो, त्यामुळे मशीनवरचा भार बराच उतरतो. ज्यांना आज नवा कॉम्प्युटर घेणं जमत नाही त्यांना मी अजूनही हे दोन उपाय आधी सांगते, कारण त्यांना पैसे लागत नाहीत. पण फोटो शार्प आहे का, डोळ्यावर फोकस आहे का, हे बघायचं तर पूर्ण मोठा करूनच बघावा लागतो. तिथे स्मार्ट प्रिव्ह्यू उपयोगाचा नाही. मोठा केला की आधी धूसर चित्र यायचं, खाली ‘लोडिंग’ असं दिसायचं, आणि तीन-चार सेकंदांनी ते स्वच्छ व्हायचं. चार हजार फोटोंना चार सेकंद धरले तरी चार तासांहून जास्त वेळ नुसता थांबण्यात.

त्या थांबण्याचा परिणाम निवडीवर व्हायचा. शेवटचं मंगलाष्टक संपून अंतरपाट खाली येतो तेव्हा दादा बटण दाबून धरतो. वीस-पंचवीस फोटो सलग निघतात. पहिल्या काहींत अक्षता हवेत असतात आणि सगळे हात वर. हे फोटो उघडताच चांगले दिसतात. पुढे अक्षता खाली पडतात, हात खाली येतात, आणि मग लोकांचे चेहरे त्यांचे स्वतःचे होतात. नवरीच्या मागे उभा असलेला मामा खाली बघतो, कुणी डोळे टिपतं, करवली हसू दाबते. ते फोटो रांगेत मागे असतात. मशीन प्रत्येक फोटोला थांबवत असेल तर माणूस पहिला चांगला फोटो दिसताच त्यावर खूण करतो आणि पुढच्या विधीवर जातो. सीझनमध्ये मागे तीन लग्नं उभी असतात, त्याला दुसरा इलाज नसतो. निवड होते, अल्बमही सुंदर होतो, पण त्यात सगळी लग्नं एकसारखी दिसायला लागतात.

२०२३ साली अधिक श्रावण आला होता. एरवी आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत चार महिने लग्नं नसतात, त्या वर्षी ते पाच झाले. जूनच्या शेवटी काम थांबलं ते नोव्हेंबरअखेर तुळशीच्या लग्नानंतरच सुरू होणार होतं. उत्पन्नाच्या दृष्टीने तो काळ कठीण. पण सीझन चालू असताना कुणी कॉम्प्युटर बदलत नाही. चालू कामाच्या फाइली अडकल्या तर पार्टीला तोंड दाखवता येत नाही. एवढी सलग मोकळीक पुन्हा लवकर मिळणार नव्हती. विंडोज टेनची मुदत ऑक्टोबर २०२५ पर्यंत आहे हे मायक्रोसॉफ्टने सांगितलेलं होतं आणि विंडोज इलेव्हनला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, म्हणजे जुन्या मशीनला पुढचा रस्ता नव्हताच.

त्यात त्याच वर्षी एप्रिलमध्ये लाइटरूममध्ये डिनॉइज नावाची सोय आली. कमी उजेडात काढलेल्या फोटोत जे दाणे दिसतात ते एआयच्या मदतीने काढायचे आणि बारीक तपशील ठेवायचा, असं तिचं काम. दादाने उत्साहाने आमच्या मशीनवर एक फोटो लावून बघितला. किती वेळ लागेल त्याचा अंदाज लाइटरूम आधीच दाखवतं. तो पाऊण तासाच्या घरातला होता. एका फोटोला.

“ग्राफिक्स कार्डच घेऊ मोठं,” दादा म्हणाला. “बाकी मशीन राहू दे.”

मी म्हटलं, “आधी आपण थांबतो कुठे ते बघू या. मग कशात पैसे घालायचे ते ठरवू.”

एका जुन्या लग्नाचं पूर्ण काम मी मुद्दाम पुन्हा केलं आणि शेजारी टास्क मॅनेजर उघडा ठेवला. कुठल्या पायरीवर कोण शंभर टक्क्यांना टेकतंय ते वहीत लिहीत गेले. ज्यांना मशीन बदलायचंय त्या प्रत्येकाने हे करावं असं मला मनापासून वाटतं. यात विकणाऱ्याचं मत येत नाही, आपलंच काम आपल्याला उत्तर देतं. फोटो कार्डावरून उतरवताना डिस्क टेकते. प्रिव्ह्यू बनवताना प्रोसेसरचे चारही कोअर टेकतात. पार्टीला द्यायच्या फोटोंचे जेपेग काढताना पुन्हा प्रोसेसर. अल्बमचं शीट उघडलं की रॅम भरते आणि मागोमाग डिस्क धावायला लागते. नवरा-नवरीला मागच्या गर्दीपासून आपोआप वेगळं करणारा मास्क आणि डिनॉइज, या दोन कामांना ग्राफिक्स कार्ड हवं. म्हणजे दादाचंही खरं होतं, पण ते कार्ड जुन्या मशीनमध्ये बसवलं असतं तर निवडीतलं आणि शीटवरचं थांबणं तसंच राहिलं असतं. माझे सगळ्यात जास्त तास तिथेच जायचे.

पुण्यातल्या एका दुकानात जाऊन आम्ही मशीन जोडून घेतलं. अशा दुकानांत समोर मांडलेली मशीनं बहुतेक गेम खेळणाऱ्यांसाठी असतात. काचेच्या बाजू, आतून रंगीत दिवे, आणि बजेटचा मोठा भाग एका महागड्या ग्राफिक्स कार्डात गेलेला. फोटोच्या कामाची वाटणी वेगळी असते. मी वही पुढे ठेवली. काउंटरवरच्या मुलाने ती वाचली आणि म्हणाला, “ताई, तुम्हाला कार्ड मधलं चालेल, प्रोसेसर आणि रॅम वाढवू.” त्याने ते लगेच ओळखलं याचा मला आनंद झाला. बाराव्या पिढीचा आय-सेव्हन १२७०० घेतला, बारा कोअरचा. त्याच्यापेक्षा नवी पिढी बाजारात होती, पण या किमतीत आम्हाला जे लागत होतं ते यात मिळत होतं. एक गोष्ट मी आग्रहाने मागितली. याच प्रोसेसरचा एफ अक्षराचा प्रकार थोडा स्वस्त मिळतो, पण त्यात आतलं ग्राफिक्स नसतं. ए-सेव्हन फोरचा दहा बिटचा, फोर-टू-टू प्रकारचा एचईव्हीसी व्हिडिओ उलगडायची सोय इंटेलच्या या आतल्या ग्राफिक्समध्ये आहे, आणि तेव्हाच्या एनव्हिडियाच्या कार्डांमध्ये ती नव्हती. आमच्याकडे थोडं व्हिडिओचं कामही असतं, तेव्हा वाचणाऱ्या पैशांपेक्षा ती सोय मोलाची.

रॅम ३२ जीबी. १६ वर लाइटरूम चालतं, पण लाइटरूम आणि फोटोशॉप एकदम उघडं ठेवून शीट बनवायची असतील तर ३२ घ्यावी हे माझं स्पष्ट मत आहे. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०, १२ जीबी मेमरीचं. विंडोज, प्रोग्रॅम, लाइटरूमचा कॅटलॉग आणि चालू लग्नाचे फोटो यांच्यासाठी १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी. साध्या हार्ड डिस्कचा वेग सेकंदाला दीडशे एमबीच्या आसपास, साटा एसएसडीचा साडेपाचशेपर्यंत, आणि चौथ्या पिढीची चांगली एनव्हीएमई पाच-सात हजारांपर्यंत जाते. अर्थात लाइटरूमला त्या सात हजारांतलं सगळं लागत नाही. साट्यावरून एनव्हीएमईवर गेल्याचा फरक हार्ड डिस्कवरून साट्यावर गेल्याइतका जाणवत नाही. काम संपलेली लग्नं ठेवायला ४ टीबीची साधी हार्ड डिस्कच घेतली. तिथे वेग नको, जागा हवी.

मॉनिटरवरून आमचा वाद झाला. दादाचं म्हणणं, जुना चालतोय तर पुढच्या वर्षी बघू. जुना मॉनिटर टीएन पॅनेलचा होता. मान थोडी वर-खाली केली की रंग बदलायचे, आणि हळदीच्या फोटोत पिवळ्यामधलं काहीच कळायचं नाही. नवरीच्या गालावरची ओली हळद, वाळलेली हळद आणि पिवळी साडी, तिन्ही एकच पिवळा गोळा. हिरव्या चुड्याचंही तसंच. वेगाने चुकीचे रंग काढण्यात काय अर्थ, असं मी म्हटलं तेव्हा तो गप्प झाला. सत्तावीस इंची आयपीएस पॅनेलचा, एसआरजीबी पूर्ण दाखवणारा मॉनिटर घेतला आणि ओळखीतल्या एका फोटोग्राफरकडून कॅलिब्रेटर आणून तो लावला. स्क्रीनचा उजेड पुष्कळ कमी करावा लागला. पहिले काही दिवस पडदा अंधारा वाटला, पण लॅबमधून अल्बम काळपट येतात ही आमची जुनी तक्रार तिथेच मिटली. आम्ही झगझगीत पडद्यावर बघून फोटो ठरवत होतो, कागद स्वतः उजेड देत नाही.

सगळं मिळून खर्च सव्वा लाखाच्या पुढे गेला. त्यात अठरा टक्के जीएसटी. दुकानातून निघताना दादाने बिलाची घडी करून खिशात ठेवली आणि कराड येईपर्यंत त्यावर आम्ही काही बोललो नाही.

जुन्यातून नव्यात यायचं काम मी घाई न करता केलं. लाइटरूममध्ये आपली सगळी मेहनत कॅटलॉगच्या एका फाइलमध्ये असते. फोटो कुठे ठेवलाय आणि त्याच्यावर काय काय केलंय, ही नोंद तिच्यात. फोटो हलवले आणि कॅटलॉगला पत्ता कळला नाही तर फोल्डरवर प्रश्नचिन्हं उमटतात. म्हणून नव्या मशीनवर फोटोंच्या डिस्कला जुनंच अक्षर दिलं, फोल्डरांची रचना जशीच्या तशी ठेवली, आणि कॅटलॉग उघडल्यावर एकही प्रश्नचिन्ह नव्हतं. तोवर जुन्या मशीनवरचं काहीही पुसायचं नाही असं ठरवलं होतं. यूपीएससुद्धा बदलावा लागला. जुना सहाशे व्हीएचा होता. नव्या मशीनवर पूर्ण भार असताना वीज गेली तर तो टिकणार नाही असं मेकॅनिकने सांगितलं, म्हणून एक हजार व्हीएचा घेतला. पावसाळ्यात वीज कधीही जाते. कॅटलॉगमध्ये काही लिहिलं जात असताना मशीन बंद पडणं परवडत नाही.

आणि मग मी निवडीला बसले. बाणाचं बटण दाबलं, फोटो आला. पुन्हा दाबलं, पुढचा आला. मोठा केला तर तिथल्या तिथे स्वच्छ. अक्षतांचे पंचवीस फोटो मी पुढे-मागे करत बघत राहिले, आणि ते जवळजवळ हलत्या चित्रासारखे दिसायला लागले. आधी अमुक झालं, मग तिने मान वळवली, मग मामाने हात जोडले. या क्रमात नेमका कुठला क्षण ठेवायचा ते कळायला लागलं. पूर्वी मी सुटे फोटो बघत होते, आता घडलेली गोष्ट बघू शकत होते. एवढ्या वर्षांच्या कामात निवड करताना मला इतकी मोकळीक कधी मिळाली नव्हती. जेपेग काढायला रात्र जायची तिथे पंधरा-वीस मिनिटं लागायला लागली ही गोष्टही मोठी, पण ती मी झोपेत असताना चालायची. निवड जागेपणी करायची असते.

डिनॉइज पाऊण तासावरून पंधरा-वीस सेकंदांवर आलं. मी ते आधी कशावर लावलं असेल तर घाण्याच्या फोटोंवर.

आमच्या भागात लग्नाआधी घाणा भरतात. पाच सुवासिनी मुसळ धरून उखळात हळकुंडं कांडतात, जातं फिरतं, जुन्या बायकांना येत असतील तर ओव्या होतात. हे सगळं घराच्या आत, बहुतेक माजघरात किंवा सोप्यावर, एका दिव्याच्या उजेडात. मंडपातले झगझगीत लाइट तिथे नसतात. फ्लॅश मारला तर भिंतीवर काळ्या सावल्या पडतात आणि बायका सावरून, कॅमेऱ्याकडे बघत उभ्या राहतात. फ्लॅश न मारता काढावं तर मुसळ धरलेले हात हलत असतात, त्यामुळे शटर फार खाली नेता येत नाही आणि आयएसओ ६४०० नाहीतर १२८०० वर न्यावा लागतो. फोटो दाण्यांनी भरून जातो. मोबाइलवर कसाबसा चालतो, पण बारा बाय छत्तीसच्या शीटवर मोठा केला की दाणेच दिसतात. त्यामुळे घाण्याचे एक-दोन फोटो कोपऱ्यात लहान करून लावायचे आणि मंडपाकडे जायचं, हा रिवाज पडलेला. आजी, आत्या, चुलत्या, शेजारच्या काकू, ज्यांनी ते लग्न घरातून उभं केलेलं असतं, त्या स्टेजवर फारशा येतच नाहीत. आल्या तरी शेवटच्या ग्रुप फोटोत कडेला. अल्बममध्ये त्यांची हक्काची जागा ती कोपऱ्यातलीच.

मागच्या उन्हाळ्यातल्या एका लग्नाचे घाण्याचे फोटो मी उघडले आणि डिनॉइजला लावले. एका फोटोत एक म्हातारी जात्याशी बसलीय, खुंट्यावर तिचा हात आणि त्याच्यावर नवरीचा हात. दाणे गेले आणि तिच्या लुगड्याचा काठ दिसायला लागला. कपाळावरचं गोंदण दिसलं. मागे दारात एक लहान मुलगी उभी होती, ती तर मला पूर्वी दिसलीच नव्हती.

आबा दुपारी येऊन खुर्चीत बसतात. त्यांनी पेन्सिलीने निगेटिव्ह रिटच केलेल्या आहेत. डोळ्याला भिंग लावून, निगेटिव्हवर अगदी हलक्या हाताने शिसं चढवायचं, म्हणजे छापल्यावर चेहऱ्यावरचे डाग उजळतात. फोटो बघून ते म्हणाले, “पोरी, सुरकुत्या घालवू नकोस हां तिच्या.”

त्यांनी बरोबर ओळखलं होतं. डिनॉइजचं प्रमाण सुरुवातीला पन्नासवर असतं. तेवढं ठेवलं तर काही फोटोंत म्हाताऱ्या माणसांची कातडी मेणासारखी गुळगुळीत व्हायला लागते, केस चिकटल्यासारखे दिसतात. मी ते तीसच्या आसपास आणते. थोडे दाणे राहतात, राहू देते. कागदावर छापल्यावर ते दिसत नाहीत आणि चेहरा चेहऱ्यासारखा राहतो. तरुण नवरीच्या चेहऱ्यावर एखाद वेळी थोडं जास्त चालून जातं, आजीच्या चेहऱ्यावर नाही. हे कुठलं मशीन ठरवून देत नाही, प्रत्येक फोटो उघडून डोळ्यांनीच ठरवावं लागतं. पंधरा सेकंदात उत्तर येतं म्हणून तीन वेगळ्या प्रमाणांवर करून बघता येतं, एवढाच काय तो फरक, आणि तो मला फार मोठा वाटतो. सगळ्या फोटोंवर मी डिनॉइज लावत नाही. तेव्हा त्यातून दर वेळी नवी डीएनजी फाइल तयार व्हायची, ती मूळ रॉच्या दोन-तीन पट मोठी असायची, आणि उन्हातल्या फोटोला त्याची गरजही नसते.

त्या घराचा अल्बम अजून छापायचा राहिला होता. मी घाण्याचं पूर्ण एक शीट केलं, जात्याजवळचा फोटो अख्ख्या डाव्या बाजूला. नवरीचे वडील शीट बघायला आले तेव्हा त्यांनी बाकीची पटपट पाहिली आणि या एकावर थांबले. म्हणाले, “ही आमची थोरली चुलती. हिचा असा फोटोच नाही आमच्याकडं.” आणि त्याची वेगळी मोठी प्रिंट करून मागितली.

तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू झाला तसं मशीनचं दुसरं अंगही दिसलं. काम लवकर होतं हे लोकांना कळायला वेळ लागत नाही. लग्नाच्या रात्रीच स्टेटसला ठेवायला पन्नास फोटो द्या, आठ दिवसांत अल्बम द्या, अशी मागणी व्हायला लागली. दादा भिडेपोटी हो म्हणायला लागला तेव्हा मला त्याला बसवून सांगावं लागलं. त्या रात्री फोटो देऊ, मोजके देऊ, पण निवडीचे दिवस मी कमी करणार नाही. जे तास वाचले ते थांबण्याचे होते, बघण्याचे नव्हते. बघण्याचे तास मी उलट वाढवलेत. त्याने ते मानलं आणि आता पार्टीशी बोलतानाच तो तारीख पुढची सांगतो.

घाण्याच्या फोटोंसाठी आता आम्ही आधीपासून तयारी करतो. घाणा किती वाजता आहे, कुठल्या खोलीत आहे, हे दादा लग्न ठरतानाच विचारून घेतो. पूर्वी तेवढ्या वेळात तो मंडपाच्या सजावटीचे फोटो काढायचा. आता तो आत जाऊन एका कोपऱ्यात बसतो, फ्लॅश बॅगेतच ठेवतो, आणि बायका त्याला विसरून जाईपर्यंत कॅमेरा उचलत नाही. त्याच्या झूमचं छिद्र दोन पॉइंट आठपर्यंतच उघडतं, म्हणून त्याला आता पस्तीस मिलीमीटरची वन पॉइंट एटची लेन्स हवी आहे. तिने उजेड दुपटीहून जास्त येईल, आयएसओ एका पायरीने खाली आणता येईल आणि मला डिनॉइज आणखी कमी लागेल. किंमत आम्ही काढून ठेवली आहे. या वेळी मी लगेच हो म्हटलं.